निळ्या कापडावरचा पांढरा हात

दसरा मागे पडला की बीड जिल्ह्यातल्या गावांचा आवाज बदलतो. पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी, केज, परळी अशा तालुक्यांतून ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरू लागतात. पिठाचे डबे, गोधड्या, ताडपत्री, सरपण, खुराड्यासकट कोंबड्या, एखादी शेळी आणि या सगळ्यावर बसवलेली लेकरं. ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात जातात, कर्नाटकात जातात, आणि साखर कारखान्याचा पट्टा पडला, हंगाम संपला की उन्हाळ्यात परततात. हा दिवाळी अंक तुम्ही उघडाल तेव्हा आमच्याकडच्या कितीतरी दारांना कुलूप असेल. एखाद्या ओसरीवर म्हातारी बसलेली असेल, शाळेसाठी मागे ठेवलेल्या नातवंडांना राखत.

ऊसतोडीच्या हिशेबात माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा गडी किंवा एकटी बाई आली तर तो अर्धा कोयता. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, मिळते ती कोयत्यावर, आणि तिचा व्यवहार होतो मुकादम आणि नवऱ्यात. बायको ऊस तोडते, पाचट सोलते, मोळी बांधते, ती डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढते. त्याआधी पहाटे उठून भाकरी थापलेल्या असतात, पाणी भरलेलं असतं. कामाच्या या दुसऱ्या पाळीला कोयत्याच्या हिशेबात जागा नाही.

माझ्या मावशीनं असे बावीस हंगाम काढले. दोन वर्षांपूर्वी तिच्या घरातले तिचे फोटो शोधायला बसले, तर तीन सापडले. एक लग्नातला, मुंडावळ्या आणि खाली घातलेली मान यांच्यात चेहरा हरवलेला. दुसरा मतदार ओळखपत्रावरचा आणि तिसरा आधार कार्डावरचा. बावीस हंगामांचा एकही नाही. मी म्हटलं, "मावशी, कोणी कधी फडात फोटो नाही काढला?" ती म्हणाली, "काढले की. पेपरवाले आले व्हते. त्येंनी पदर तोंडावर घ्यायला लावला."

पेपरवाले आले ते वर्ष २०१९ होतं. त्या पदराचा विचार करत मी गेली दोन वर्षं फोटोग्राफीच्या जुन्या, विसरल्या गेलेल्या पद्धतींकडे आणि त्या पुन्हा हाती घेणाऱ्या स्त्रियांच्या कामाकडे पाहते आहे. हा लेख त्या पाहण्याचा आहे.

नाव नसलेली बाई आणि समुद्रशैवाल

इंग्रज शास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांनी १८४२ मध्ये लोहाच्या क्षारांपासून निळं चित्र उमटवण्याची रीत शोधली. तिचं नाव सायनोटाइप. फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरिसायनाइड यांचं पाण्यातलं मिश्रण मंद उजेडात कागदाला किंवा कापडाला लावायचं आणि सुकू द्यायचं. वर एखादं पान, जाळी, लेस ठेवून ते उन्हात धरायचं. ऊन लागतं तिथं लोहाची रासायनिक घडण बदलते. मग साध्या पाण्यात धुवायचं. ऊन न लागलेला पिवळट थर वाहून जातो, ऊन लागलेल्या जागी गडद निळा रंग बसतो. वस्तूनं झाकलेली जागा पांढरी राहते. कॅमेरा लागत नाही, अंधारखोली लागत नाही, चांदीही लागत नाही. पुढे इमारतींचे आणि यंत्रांचे नकाशे जगभर याच पद्धतीनं उतरवले जाऊ लागले. आपण आजही सहज 'ब्ल्यू प्रिंट' म्हणतो, तो शब्द तिथला.

त्या नकाशांच्या कितीतरी आधी एका बाईनं या रीतीचं मोल ओळखलं होतं. ॲना ॲटकिन्स वनस्पतींच्या अभ्यासक होत्या. त्यांनी समुद्रशैवालाचे नमुने एकेक करून संवेदनशील कागदावर ठेवले आणि १८४३ पासून दहा वर्षं 'ब्रिटिश शैवालांची छायाचित्रं' हे पुस्तक भागाभागांनी काढलं. छायाचित्रांनी सजवलेलं जगातलं पहिलं पुस्तक म्हणून त्याची नोंद होते. शैवालाची नावं आणि मजकूरही त्यांनी स्वतःच्या हस्ताक्षरात त्याच निळ्यात उतरवला. स्वतःचं नाव मात्र पूर्ण लिहिलं नाही, 'ए. ए.' एवढीच अक्षरं घातली. पुढे त्या शतकाच्या अखेरीला एका अभ्यासकाच्या हाती हे काम आलं, तेव्हा त्यानं त्या दोन अक्षरांचा अर्थ 'ॲनॉनिमस ॲमॅच्युअर', म्हणजे 'अनामिक हौशी' असा लावला. दहा वर्षं चिकाटीनं शास्त्रीय काम करणारी बाई नोंदीत अनामिक झाली, हौशी झाली. ही गोष्ट मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला अर्धा कोयता आठवला.

उंच भिंतींच्या आत, आणि बाहेर

आमचा बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्या संस्थानाचे दरबारी छायाचित्रकार होते लाला दीनदयाळ. त्यांनी १८९२ मध्ये हैदराबादेत खास स्त्रियांसाठी जनाना स्टुडिओ उघडला. पडद्यातल्या घरंदाज बायकांचे फोटो तिथं निघत. चारी बाजूंनी उंच भिंती, पुरुषाला आत मज्जाव. कारभार केनी-लेविक नावाच्या इंग्रज बाईंकडे होता. त्यांच्या हाताखाली देशी स्त्रिया मदतनीस होत्या, अशी त्या काळातली नोंद आहे. विचार करा: आपल्याच संस्थानात, सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी, काही बायका काचेच्या प्लेटा हाताळत होत्या, पाठीमागचे पडदे लावत होत्या, समोर बसलेल्या बाईला हनुवटी जरा वर करायला सांगत होत्या. त्या मदतनिसांची नावं त्या नोंदीत नाहीत.

याच स्टुडिओच्या नावावर त्याच दशकाच्या शेवटी दुसरी छायाचित्रं दिसतात. १८९९-१९०० च्या दुष्काळातली, औरंगाबाद भागातली. हाडं वर आलेली माणसं ओळीनं उभी किंवा बसलेली, आणि खाली रोडावलेल्या देहांचे 'प्रकार' अशा अर्थाची नोंद. श्रीमंत बाईच्या चेहऱ्यासाठी उंच भिंत होती. दुष्काळातल्या बाईच्या उघड्या बरगड्यांसाठी आडोसाही नव्हता. दोघींचे फोटो एकाच तंत्रानं, एकाच संस्थानात निघाले. पण एकीनं स्वतःचा फोटो काढून घेतला होता आणि दुसरीचा काढला गेला होता.

त्या काळच्या सरकारी आणि शास्त्रीय फोटोग्राफीला 'प्रकार' फार प्रिय होते. १८६८ ते १८७५ या काळात 'द पीपल ऑफ इंडिया'चे आठ खंड निघाले. त्यांत जातीजमातींचे नमुने मांडावेत तशी माणसं मांडली आहेत. माणसाच्या मागे चौकोनांचा पडदा उभारून त्याचं माप घेणारी छायाचित्रंही त्याच मनोवृत्तीतून आली. चेहरा दिसतो, पण तो कुणाचा आहे हे कुणाला जाणून घ्यायचं नसतं.

याला छेद देणारा एक मराठी चेहरा आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. १० ऑक्टोबर १८८५ रोजी पेनसिल्व्हेनियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात काढलेल्या फोटोत आनंदीबाई जोशी बसल्या आहेत. सोबत जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लामबुली. तिघी आपापल्या देशाच्या पोशाखात. फोटोखाली त्यांची नावं आहेत. एवढ्या एका गोष्टीनं तो फोटो 'नमुना' होण्यापासून वाचला.

जुनी रीत, नवा हात

या सगळ्या जुन्या फोटोंना आपल्या काळातल्या स्त्री-कलावंतांनी उत्तरं दिली आहेत, आणि ती देताना त्यांनी पुष्कळदा जुनीच रीत हातात घेतली आहे.

बंगळुरूच्या पुष्पमाला एन. मूळच्या शिल्पकार, बडोद्यात शिकलेल्या. २००० ते २००४ या काळात त्यांनी ब्रिटिश छायाचित्रकार क्लेअर आर्नी यांच्यासोबत 'नेटिव्ह विमेन ऑफ साउथ इंडिया' ही मालिका केली. रविवर्म्याच्या चित्रातली नायिका, देवीचं कॅलेंडर, पोलिसांच्या फोटोतली आरोपी बाई: प्रत्येक भूमिकेत त्या स्वतः उभ्या राहिल्या. मापाच्या चौकोनी पडद्यासमोरची आदिवासी बाईही त्या झाल्या. जुन्या फोटोचा पडदा, उजेड, तपकिरी छटा सगळं जसंच्या तसं उभं केलं. फरक एकच. इथं मापली जाणारी बाई हीच फोटोची कर्ती आहे आणि ती थेट आपल्याकडे पाहते आहे. आपण अवघडतो, आणि मग मूळ फोटोतली बाई किती अवघडली असेल हे उमजतं.

दिल्लीत शीबा छाछी १९८० पासून हुंडाविरोधी आंदोलनाचे फोटो काढत होत्या. उगारलेल्या मुठी, घोषणा, मोर्चे. काही वर्षांनी त्यांना जाणवलं की मूठ दिसते, पण बाई दिसत नाही. म्हणून त्यांनी सात कार्यकर्त्या स्त्रियांसोबत नव्यानं फोटो घडवले. कुठं बसायचं, हातात काय धरायचं, आजूबाजूला काय ठेवायचं, हे त्या स्त्रियांनी त्यांच्याबरोबर ठरवलं. लेकीचा हुंड्यापायी मृत्यू पाहिलेल्या आणि नंतर आंदोलनाचा आधार झालेल्या सत्यराणी चढ्ढा त्यांपैकी एक. 'सेव्हन लाइव्ज अँड अ ड्रीम' हे काम काळ्या-पांढऱ्या रोलवर झालं. ती पद्धत तेव्हा रोजची होती, आज तीही जुनी झाली.

राजस्थानात लूणकरणसरच्या बालिका मेळ्यात २००३ मध्ये गौरी गिल यांनी फोटोचा एक तंबू उभारला. मुली येत, हाताशी असलेल्या वस्तू घेत, मैत्रिणीचा हात धरत आणि हव्या तशा उभ्या राहत. यातल्या काही जणी पुढे स्वतः फोटो काढायला शिकल्या. गौरी गिल यांचं महाराष्ट्रातलं कामही मोलाचं आहे. जव्हारच्या मुखवटे घडवणाऱ्या कलावंतांसोबत आणि डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे वारली चित्रकार राजेश वांगड यांच्यासोबत त्यांनी फोटो घडवले. फोटोवर दुसऱ्या कुणाचा हात फिरला तर तो बिघडत नाही, पुरा होतो, हा त्यांचा विश्वास मला जवळचा वाटतो.

हाच विश्वास चंद्रपुरात जन्मलेल्या आणि न्यूयॉर्कमध्ये काम करणाऱ्या स्पंदिता मलिक यांच्या कामात आणखी पुढे जातो. घरातली हिंसा सोसलेल्या स्त्रियांना त्या पंजाबात, राजस्थानात, लखनौकडे जाऊन भेटतात, त्यांच्या घरी त्यांचा फोटो काढतात आणि तो खादीच्या कापडावर उतरवतात. मग ते कापड त्या बाईकडेच परत जातं. तिनं त्यावर हवं तसं भरतकाम करायचं: फुलकारी, चिकन, जरदोजी, जे तिच्या हातात असेल ते. कुणी आपल्या साडीवर फुलं भरते, कुणी भिंत सजवते, कुणी आपला चेहरा टाक्यांनी झाकते. माझ्या मावशीला पदर घ्यायला लावला होता. ही बाई तो स्वतःच्या सुईनं घेते. चेहरा दोन्हीकडे झाकलेला, पण अधिकाराच्या दृष्टीनं या दोन झाकण्यांत फार अंतर आहे.

अमेरिकेत १९७०च्या दशकात, स्त्रीमुक्तीची चळवळ जोरात असताना, हेच घडलं होतं. बेटी हान यांनी कापडावर गम बायक्रोमेट या एकोणिसाव्या शतकातल्या पद्धतीनं फोटो छापले आणि त्यांवर टाके घातले. बी नेटल्स यांनी १९७७ मध्ये अशा रीतींचं पुस्तक काढलं आणि त्याला पाककृतींचं पुस्तक म्हटलं. महागडा कॅमेरा, मोठा स्टुडिओ, वर्तमानपत्राची नोकरी हे सगळं पुरुषांच्या ताब्यात होतं. मोजमाप, मिसळण, वाळवण, धुणं मात्र बायकांच्या हातात पिढ्यान्‌पिढ्या होतं. त्या हातांना जुनी रसायनं परकी वाटली नाहीत. आपल्या जवळ गोव्यातलं 'गोवा सेंटर फॉर ऑल्टरनेटिव्ह फोटोग्राफी' या पद्धती शिकवत आलं आहे.

जे दिसत नाही त्याचा फोटो

आता पुन्हा बीडकडे येते, कारण हे सगळं मला इथल्या एका प्रश्नासाठी हवं होतं.

२०११च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात शून्य ते सहा वयाच्या दर हजार मुलग्यांमागे ८०७ मुली होत्या. राज्यातला तो सगळ्यांत खालचा आकडा. दहा वर्षांपूर्वी, २००१ मध्ये, तो ८९४ होता. गर्भलिंगनिदानाविरुद्धचा कायदा १९९४चा; म्हणजे कायदा असताना हा आकडा घसरला. जन्मालाच न आलेल्या मुलीचा फोटो कसा काढणार? वर्गातल्या बाकांवर मुलगे जास्त दिसतात, लग्नासाठी मुलगी मिळत नाही म्हणून घरं काळजीत दिसतात. ती स्वतः कुठंच दिसत नाही.

दुसरा आकडा ऊसतोडीचा. २०१९ मध्ये इथल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची बातमी देशभर गाजली. विधान परिषदेच्या तेव्हाच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली राज्य सरकारनं समिती नेमली. जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली. त्यांतल्या १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झालेली होती. आमच्याकडे त्याला 'पिशवी काढली' म्हणतात, दात काढला म्हणावं इतक्या सहज. कारणं एकात एक गुंतलेली आहेत. कोवळ्या वयात लग्न आणि बाळंतपणं. फडाजवळच्या कोपीत ना संडास, ना न्हाणी, ना पुरेसं पाणी. पाळीच्या दिवसांतही डोक्यावर मोळी. दुखणं अंगावर काढायचं, कारण कामावर न गेलं तर खाडा पडतो आणि उचल फिटत नाही. शेवटी दवाखाना, आणि तिथं दाखवलेली कॅन्सरची भीती. एकदा पिशवी काढली की कटकट संपली, असं सांगितलं जातं. त्यानंतरची पाठदुखी, गळून जाणं आणि तिशीतच आलेलं म्हातारपण सोबतीला राहतं.

तेव्हा कॅमेरे आले. त्यांनी आवश्यक काम केलं. ते आले नसते तर समितीही नेमली गेली नसती. पण 'गर्भाशय नसलेल्या बायकांचं गाव' अशा मथळ्यांखाली जे फोटो छापले गेले, त्यांत पुन्हा तोच 'प्रकार' होता. पदराआडचा चेहरा, मांडीवर ठेवलेले हात, मागे कुडाची भिंत. ओळख झाकणं गरजेचं होतं, हे मला पटतं. पण ती बाई फोटोत कशी दिसणार हे दुसऱ्या कुणीतरी काही मिनिटांत ठरवलं आणि ती माणसं पुढच्या गावी गेली.

सायनोटाइपबद्दल वाचताना मला वाटलं, ही रीत आमच्या प्रश्नासाठीच बनल्यासारखी आहे. ती वस्तूचं रूप टिपत नाही. ती एवढंच सांगते की इथं काहीतरी होतं, त्यानं ऊन अडवलं, आणि म्हणून ही जागा पांढरी राहिली. चेहरा न दाखवताही कुणाच्या तरी असण्याची साक्ष देता येते.

गच्चीवरची दहा मिनिटं

गेल्या वर्षी मे महिन्यात मी रसायनं घेऊन मावशीकडे गेले. तिच्या जुन्या सुती लुगड्याचा एक तुकडा आम्ही आदल्या रात्री खोलीत रंगवला आणि दार लावून वाळवला. सकाळी अकराला गच्चीवर गेलो. बीडच्या मे महिन्यातलं ऊन म्हणजे या कामाला लागेल त्याहून जास्तच.

"काय ठिवू ह्यावर?" तिनं विचारलं. मी म्हटलं, तुला वाटेल ते. ती खाली जाऊन कोयता घेऊन आली. मुठीला चिंधी गुंडाळलेला, पातं झिजून निमुळतं झालेलं. कापडावर ठेवला आणि बाजूला झाली. मी घड्याळ बघत होते. अर्ध्या मिनिटानं ती परत आली, खाली बसली आणि कोयत्याशेजारी आपला उजवा हात ठेवला, बोटं फाकून.

"कोयता एकला कुठं चालतो?" ती म्हणाली.

दहा मिनिटं ती तशी बसून राहिली. मी तिच्या डोक्यावर छत्री धरायला गेले, तर सावली कापडावर पडेल म्हणून तिनंच मला हटकलं. पिवळं कापड हिरवट झालं, मग राखाडी. त्या दहा मिनिटांत ती पुष्कळ बोलली. पहिल्या हंगामाला ती पंधरा वर्षांची होती. एक बाळंतपण फडाच्या कडेला झालं. पिशवी काढली त्या वर्षी दीड महिन्यातच ती पुन्हा मोळी उचलत होती. हे तिनं मला आधी कधी सांगितलं नव्हतं. कॅमेरा असता तर फोटो क्षणात संपला असता आणि ही गोष्ट आत राहिली असती. जुन्या पद्धतींचा हा गुण मला कुठल्याही पुस्तकात इतका स्पष्ट समजला नव्हता. त्या माणसाला बसवून ठेवतात, आणि बसलेलं माणूस बोलतं.

धुण्याची वेळ आली तेव्हा पाण्याचा हिशेब निघाला. कापड चार-पाच पाण्यांतून काढावं लागतं. मावशीनं एकच घमेलं भरलं, तांब्यातांब्यानं ओतलं. ज्या बाईनं जन्मभर डोक्यावरून पाणी आणलं, ती पाणी सांडू देत नाही. पिवळा थर निघून गेला आणि निळ्यात दोन पांढरे आकार वर आले. कोयत्याची कड सुरीनं कापल्यासारखी रेखीव. हाताची कड मऊ, पुसट, कारण जिवंत हात दहा मिनिटं स्थिर राहत नाही. तळव्याच्या घामानं मध्ये डाग पडले होते. मला ते चुकीचे वाटले. मावशी बोटानं ते डाग चाचपत राहिली आणि म्हणाली, "माझाच हाये."

तिनं तो तुकडा गोधडीत मधोमध शिवला. भोवती दुसऱ्या लुगड्यांचे तुकडे, धावदोऱ्याचे टाके. मी तिला एवढंच सांगितलं की सोड्यानं धुवू नको. अल्कलीनं हा निळा उडतो आणि परत येत नाही. दसऱ्यानंतर ती गोधडी सुनेबरोबर फडावर गेली. सून दिवसा ती कोपीवर वाळत टाकायची, रात्री लेकराला पांघरायची. या उन्हाळ्यात परत आली तेव्हा निळा फिकट, राखेसारखा झाला होता, हात जेमतेम ओळखू येत होता. मावशीनं काही न बोलता घडी घातली आणि पत्र्याच्या पेटीत तळाशी ठेवली.

या निळ्याचा एक स्वभाव आहे. उन्हानं तो उतरतो, पण अंधारात ठेवला की हवेतल्या प्राणवायूशी त्याचा हळूहळू संयोग होतो आणि रंग पुन्हा भरतो. हे मला ठाऊक होतं, मावशीला मी सांगितलं नव्हतं. दसऱ्याच्या आधी सुनेच्या जाण्याची तयारी सुरू झाली, तेव्हा पेटी उघडली. निळा बराचसा परतला होता. कोयता दिसत होता, शेजारी पाच बोटं आणि मधले घामाचे डागही.

मावशीनं सुनेला जवळ बोलावलं, गोधडी उलगडली आणि त्या पांढऱ्या हातावर तिचा हात ठेवायला लावला. मग ट्रॉली भरायला दोघी बाहेर गेल्या.